अंगठा पोहोचेल एवढा फोन

सत्यशीलाचा उजवा पंजा डिसेंबरात गेला. पळसटोल्यात तेव्हा धानाचं चुरणं चालू होतं. ती गावची अंगणवाडी सेविका. त्या दिवशी केंद्र बंद करून ती डबा घेऊन शेतावर गेली. नवरा श्रीहरी पाणी प्यायला बाजूला झाला तेवढ्यात ती मळणीच्या मशीनमध्ये पेंढ्या सारायला उभी राहिली. बांगडी अडकली की पोलक्याची बाही, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. आरमोरी, तिथून गडचिरोली, तिथून नागपूर असा प्रवास झाला आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मनगटाच्या थोडा वर हात बंद केला.

वय सेहेचाळीस. अंगणवाडीतली एकोणीस वर्षं. घरी बसून राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं. जानेवारीभर ती डाव्या हाताने जेवायला शिकली, डाव्या हाताने वेणी घालण्याचा नाद सोडून केस आखूड करून घेतले, आणि केंद्रातली एक पाटी घरी आणून तिच्यावर अ आ इ ई गिरवली. अक्षरं पोरांसारखी वाकडी यायची, पण यायची. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती रुजू झाली. पहिल्याच दिवशी चार वर्षांच्या पिंकीने तिच्या पदराखाली डोकावून विचारलं, "बाई, तुमचा हात कुठी गेला?"

"तुटला बापू," सत्यशीला म्हणाली. पिंकीचं समाधान झालं. पोरं खिचडीकडे वळली.

खिचडी शिजवायला मदतनीस नीलाबाई होती. साठीला टेकलेली, अंगठा उठवणारी, पण शंभर माणसांचा स्वयंपाक एकटीने काढेल अशी. पोरांचं वजन करायला नीलाबाई पोराला काट्यावर उभं करायची आणि सत्यशीला आकडा वाचायची. गाणी म्हणायला हात लागत नाहीत. सगळं हळूहळू रुळावर आलं. अडलं ते फोनपाशी.

अंगणवाडीचं सगळं काम आता फोनमध्ये. रोजची हजेरी, नाश्त्याचा फोटो, वजन-उंची, गरोदर बायांच्या आणि बाळंतिणींच्या घरी दिलेली भेट. आणि गेल्या वर्षापासून आणखी एक. महिन्याची आहाराची पाकिटं ज्या बाईला द्यायची तिचा चेहरा फोनसमोर धरायचा. पडद्यावर गोल येतो, त्या गोलात चेहरा बसवायचा, तिला डोळे मिटायला-उघडायला सांगायचं, गोल हिरवा झाला की लगेच खालचं बटण दाबायचं. उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून.

फोन खात्याकडून मिळालेला, पावणेसात इंची. दोन हात होते तेव्हा तिला तो मोठा पडदा आवडायचा, अक्षरं ठळक दिसायची. आता डाव्या पंजात धरला की अंगठा अर्ध्या पडद्यापर्यंत जेमतेम जायचा. सत्यशीलाचा हात मुळातच लहान. बांगड्या घ्यायला गेली की कासार तिला पोरींच्या मापातल्या काढून द्यायचा. पलीकडच्या वरच्या कोपऱ्याकडे अंगठा ताणला की फोनचा तोल जायचा आणि तो बोटांवरून उलटा व्हायचा. पहिल्या आठवड्यात दोनदा मातीत पडला. तिसऱ्यांदा वरणाच्या गंजात पडला. नीलाबाईने चिमट्याने बाहेर काढून पदराला पुसला आणि म्हणाली, "आजच्या वरनात कोनता मसाला टाकला म्हनून पोरं विचारतीन."

सत्यशीला हसली नाही. फोन चालू होतो की नाही तेच बघत राहिली. झाला चालू.

टेबलावर ठेवून डाव्या बोटाने लिहिणं जमायचं. चेहरा मात्र टेबलावर ठेवून टिपता येत नाही. फोन उचलून समोर धरावा लागतो, आणि धरला की दाबायला हात उरत नाही. हनुवटीने दाबून पाहिलं, उजव्या हाताच्या थोट्या टोकाने दाबून पाहिलं. तिथली कातडी अजून कोवळी होती आणि पडद्याला ती कळायचीच नाही. बाया गोलात चेहरा धरून ताटकळत बसायच्या, डोळे मिटायच्या, उघडायच्या, आणि शेवटी संकोचून म्हणायच्या, "राहू द्या बाई, उद्या येतो."

मार्चमधल्या एका रविवारी तिने श्रीहरीला कात्री घेऊन समोर बसवलं. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा तिने डाव्या हातात फोनसारखा धरला आणि अंगठा चारही कोपऱ्यांवर नेऊन पाहिला. पोहोचत नव्हता. "काप थोडा," ती म्हणाली. श्रीहरीने बाजू छाटली. पुन्हा धरला. पुन्हा छाटला. चौथ्यांदा अंगठा चारही टोकांना आरामात लागला. पुठ्ठा उरला अडीच इंच रुंद आणि पाच इंच लांब.

"एवढासा?" श्रीहरी म्हणाला. "असा फोन भेटते का आता?"

"भेटन कुठी तरी."

दुसऱ्या दिवशी केंद्र आटोपून ती बसने आरमोरीला गेली. बसस्थानकाजवळ अकरमभाईचं मोबाइलचं दुकान. पंधरा-सोळा वर्षं तो हेच करत आला होता. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, मग मोबाइल आले. नाकावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक भिंग. सत्यशीलाने काउंटरवर पुठ्ठा ठेवला.

"भाऊ, मले एवढा फोन पायजे."

अकरमने पुठ्ठा उलटापालटा केला. "हे काय आहे बाई?"

"माह्या अंगठ्याचं माप."

मग त्याचं लक्ष पदराखालच्या हाताकडे गेलं. त्याने भिंग वर सारलं, स्टूल पुढे केलं आणि आतल्या बाजूला चहा सांगितला. काहीही न विचारता कपाटातून फोन काढायला लागला.

"कंपनीवाले पडदा तिरपा मोजतात बाई. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. हा साडेसहा, हा सहा पॉइंट सात. त्या आकड्यानं आपल्याले काही समजत नाई. तुमच्या कामाची गोष्ट आहे रुंदी." तो एकेक फोन पुठ्ठ्यावर ठेवत गेला. पुठ्ठा प्रत्येकाखाली झाकून जायचा. "हा पाहा. हाही मोठा. हा दिसाले बारीक आहे पन लांब आहे, वरचा कोपरा तुमच्या हाती नाई येत."

"याच्याहून लहान?"

"डब्बा फोन देऊ शकतो बटनवाला. पन त्याच्यात तुमचं अॅप नाई चालत." अकरमने चष्मा काढून पुसला. "सच सांगू का बाई, लहान फोन आता कोनी बनवतच नाई. लोकायले पिक्चर पाहाचा असते, क्रिकेट पाहाचं असते. एक महागडा येते शहरात, जरा लहान, पन तोही तुमच्या पुठ्ठ्याच्या बाहेर जाते. मीच सांगतो, नका घेऊ."

चहा आला. सत्यशीलाने कप घेतला आणि काउंटरवर मांडलेल्या बारा-तेरा फोनांकडे पाहत राहिली. सगळे काळे, गुळगुळीत, एकाच आईची पोरं असल्यासारखे. पुठ्ठा मधे एकटा पडला होता.

अकरमला काहीतरी आठवलं. त्याने खालचा खण ओढला. त्यात लोकांनी बदलीत दिलेले, दुरुस्त होऊन कोणी न्यायला न आलेले जुने फोन होते. बराच वेळ खळखळ केल्यावर त्याने एक पांढरा फोन वर काढला. एका कोपऱ्याचा टवका उडालेला. आलापल्लीचा एक वनरक्षक तो देऊन मोठा घेऊन गेला होता, सात-आठ वर्षांपूर्वी. अकरमने तो पुठ्ठ्यावर ठेवला. कडेला कड लागली.

सत्यशीलाने फोन उचलला. अंगठा वर नेला. पलीकडे नेला. खाली आणला. कुठेही तोल गेला नाही.

"पोचला भाऊ," ती म्हणाली.

अॅप त्यात बसवायला पाऊण तास लागला. फोन गरम होत होता, अकरम पंख्यासमोर धरत होता. शेवटी एकदाचा लॉगिन झाला आणि पळसटोल्याच्या पोरांची यादी त्या इवल्याशा पडद्यावर उभी राहिली.

पुढचे अकरा दिवस सत्यशीलाचे चांगले गेले. अक्षरं बारीक होती म्हणून तिने वाचायचा चष्मा केला. फोन हळू चालायचा, फोटो जरा धुरकट यायचा, पण एका हातात धरून, त्याच हाताच्या अंगठ्याने दाबून ती एका सकाळी नऊ बायांचे चेहरे टिपायची. गृहभेटीला पिशवी खांद्याला अडकवून एकटी जायची. नीलाबाई गावात सांगत फिरली की आमच्या बाईचा फोन पोराच्या मुठीत मावते, पन काम मोठ्याचं करते.

बाराव्या दिवशी सकाळी हजेरी लावायला तिने अॅप उघडलं तर पडद्यावर चौकट आली. नवीन आवृत्ती घ्या. तिने दाबलं. गोल फिरत राहिला. मग दुसरी चौकट आली. हे अॅप आपल्या फोनवर चालणार नाही.

तिने फोन बंद करून चालू केला. तीच चौकट. केंद्राबाहेर नेटवर्क येतं त्या चिंचेखाली जाऊन पाहिलं. तीच. दुपारी ती बसने आरमोरीला गेली. अकरमने दोन तास खटपट केली. मेमरी रिकामी केली, जुनं अॅप शोधून टाकलं, तेही उघडेना. चंद्रपूरला सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्या एका ओळखीच्याला फोन लावला. बोलताना तो दुकानाबाहेर गेला, आणि परत आला तेव्हाच तिला कळलं.

"नाई होत बाई. तो म्हनते, फोन जुना झाला, आता त्याच्यात नवीन काहीच घुसत नाई. कंपनीनंच बंद केलं." तो फोन हातात धरून उभा होता. "मले माफ करा."

"तुमचं काय चुकलं भाऊ?"

"तरी पन."

त्या दिवशी अकरमने तिला रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही. तिच्या पिशवीतला खात्याचा मोठा फोन घेऊन त्याच्या पाठीला एक गोल कडी चिकटवली, म्हणजे मधलं बोट त्यात अडकेल आणि फोन पडणार नाही. मग आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एका हाताने वापरायची सोय सुरू केली. बोट खाली ओढलं की अख्खा पडदा लहान होऊन डाव्या कोपऱ्यात यायचा. सत्यशीलाने दोनदा करून पाहिलं. डोळ्यांत थोडी उमेद आली. घरी जाऊन चेहऱ्याचं पान उघडलं तेव्हा पडदा लहान व्हायचं नाव घेईना. कॅमेरा चालू झाला की ती सोय आपोआप बंद व्हायची, आणि दाबायचं बटण पुन्हा खाली पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसायचं.

मग स्टँड आला. तोही अकरमनेच मागवून दिला. तीन पायांचा, वर फोन पकडायला स्प्रिंगचा चिमटा. चिमटा उघडायला एक हात लागतो आणि फोन आत सरकवायला दुसरा, ही गोष्ट बनवणाऱ्याच्या डोक्यात आली नसावी. नीलाबाई चिमटा ओढून धरायची, सत्यशीला फोन बसवायची. केंद्रात येणाऱ्या बायांचं काम असं एकदाचं भागलं. उंच बाई वाकायची, बुटकी पाटावर उभी राहायची.

पण निम्म्याहून जास्त बाया केंद्रात यायच्याच नाहीत. पळसटोल्याचे तीन टोले, म्हणजे विखुरलेल्या वस्त्या, त्यातला एक नाल्यापलीकडे. दिवस भरत आलेल्या, नुकत्या बाळंत झालेल्या, कोणी मोह वेचायला पहाटे गेलेल्या आणि उन्हाने थकून निजलेल्या. त्यांच्याकडे घरी जायचं आणि घरीच चेहरा टिपायचा, नाहीतर भेट लागत नाही. नीलाबाईला खिचडी सोडून येता यायचं नाही. धान निघाल्यापासून श्रीहरी राईस मिलमध्ये रोजीने जायचा. तिथे चार दिवस खाडा करून तो बरोबर हिंडला, पण मिलच्या मुकादमाने पाचव्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस उभा केला. तेव्हा सत्यशीलानेच त्याला परत पाठवलं.

"मी पाहतो," ती म्हणाली. काय पाहणार हे तिला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या बैठकीत पर्यवेक्षिका मॅडमनी यादी वाचली. पळसटोला केंद्र, चौऱ्याहत्तर लाभार्थी, एकसष्ट जणींची या महिन्याची चेहरा पडताळणी बाकी. तालुक्यात शेवटून पहिलं. सगळ्या सेविकांनी वळून सत्यशीलाकडे पाहिलं, आणि पाहिल्याबद्दल शरमून पुन्हा समोर पाहिलं. बैठक संपल्यावर मॅडमनी तिला मागे थांबवलं. मॅडम वाईट नव्हत्या. नागपूरच्या दवाखान्यात त्या तिला भेटायला येऊन गेल्या होत्या, संत्री घेऊन.

"तुम्ही पाकिटं पडताळणी न करताच वाटता आहात का?"

"हो मॅडम. बाया उपाशी कशा ठेवू? माह्या हातानं फोटो नाई येत म्हणून?"

"मला समजतं हो. पण वर आकडे जातात. आकड्यात तुमचा हात दिसत नाही." त्यांनी कपाळ चोळलं. "या महिन्यापासून पडताळणीशिवाय एकही पाकीट देऊ नका. नोटीस निघाली आहे. मी थांबवायला पाहिलं, पण माझ्या हातात काय..." त्या मध्येच थांबल्या. सत्यशीलाच्या पदराकडे गेलेली नजर त्यांनी खिडकीकडे वळवली. "तुम्ही खुलासा लिहून द्या. मी स्वतः घेऊन जाते वर."

सत्यशीलाने खुलासा तिथेच बसून लिहिला. पाच ओळींना पाऊण तास लागला. मी रोज काम करते. कोणतीही बाई वंचित ठेवली नाही. माझा उजवा हात नाही. दिलेला फोन एका हातात मावत नाही. लहान फोन किंवा सोबत एक माणूस मिळावा. खाली तिने सही केली. मॅडम तो कागद कार्यालयातल्या बाबूच्या टेबलाशी घेऊन गेल्या, आणि त्याने फाईल उघडून तिची जुनी सही काढली. एकोणीस वर्षांपूर्वीची, उजव्या हाताची, शेवटी झोकदार वळण घेणारी.

"सही जुळत नाही," बाबू म्हणाला. त्याने ते सहज म्हटलं, सवयीने. मग वर पाहिलं आणि खाली मान घालून कागद फाईलला लावून टाकला.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत तिने एकही पाकीट पडताळणीशिवाय दिलं नाही. नाल्यापलीकडच्या टोल्यावर ती रोज जायची. कोणाच्या घरी कोणी शिकलेलं माणूस असलं तर त्याच्या हातात फोन द्यायची. नसलं तर फोन उंबऱ्यावर भिंतीला टेकवून ठेवायची आणि बायांना जमिनीवर ओणवं व्हायला सांगायची. सात महिन्यांची पोटुशी बाई जमिनीवर ओणवी होताना पाहून तिने ते बंद केलं. काही चेहरे मिळाले. बरेच राहिले.

मे महिन्यात कागद आला. मॅडमनी तो तिला वाचून दाखवला नाही, नुसता हातात दिला. अर्जदार सेविकेने स्वतःच्या सोयीच्या आकाराचा, अॅपसाठी ठरवून दिलेल्या निकषांत बसणारा भ्रमणध्वनी वापरण्यास हरकत नाही. सोबत माणूस देण्याची तरतूद नाही.

केंद्रात येऊन तिने तो नीलाबाईला वाचून दाखवला.

"म्हंजे लहान फोन घ्याले परवानगी देल्ली?" नीलाबाई म्हणाली. "मंग घ्या ना बाई. बरं झालं."

"हो," सत्यशीला म्हणाली. समजावून सांगायचा तिला कंटाळा आला. तिने कागद हजेरीच्या पुस्तकात ठेवला आणि पिशवीत पाकिटं भरली. त्या दिवशी पुनमकडे जायचं होतं.

पुनम नाल्यापलीकडच्या टोल्यावरची. पहिलटकरीण. अठ्ठावीस दिवसांची पोर. बाळंतपणात रक्त बरंच गेलं होतं आणि पोरीचं वजन जन्मतः कमी, दोन किलोच्या आतबाहेर. आहाराच्या यादीत जिचं नाव सगळ्यात वर असावं अशी ती. सत्यशीला पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पत्र्याखाली बसवत नव्हतं म्हणून पुनम अंगणातल्या मांडवात पोर घेऊन बसली होती. घरची माणसं तेंदूपत्ता तोडायला गेलेली.

"या बाई," ती म्हणाली. "पानी आणतो."

"बस तू. मी घेतो माह्या हातानं."

पाणी पिऊन तिने पोरीला पाहिलं. पोरीने अंग धरलं नव्हतं. हाताच्या मनगटाभोवती सत्यशीलाची दोन बोटं फिरून उरली. दूध पुरते का विचारलं. पुनमने मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही.

"फोटू काढाचा ना?" पुनमच म्हणाली. टोल्यावर सगळ्यांना आता ते ठाऊक झालं होतं. "मी धरतो फोन. तुमी दाबा."

पोर एका हाताने छातीशी धरून तिने दुसऱ्या हातात फोन घेतला आणि स्वतःच्या तोंडासमोर लांब धरला. सत्यशीला तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. दोघींचे मिळून दोन मोकळे हात. गोल आला. पुनमने डोळे मिटले, उघडले. गोल हिरवा झाला आणि सत्यशीलाने दाबलं.

चेहरा जुळला नाही.

"हलली असंन मी," पुनम म्हणाली. पुन्हा केलं. या वेळी ती श्वास धरून बसली. चेहरा जुळला नाही. मांडवाच्या सावलीतून उठून दोघी उजेडात गेल्या, पोरीच्या डोळ्यांवर पदर घातला. तिसऱ्यांदाही तेच. मग सत्यशीलाने आधीचा, नोंदणीचा फोटो उघडून पाहिला. तो तिनेच काढला होता, गेल्या ऑक्टोबरात, दोन्ही हातांनी. त्यातली पुनम गालांनी भरलेली होती, केसांत अबोलीचा गजरा होता. सत्यशीलाने समोरच्या पुनमकडे पाहिलं. गालांची हाडं वर आलेली, डोळे आत गेलेले. फोनला ती ओळखू आली नव्हती यात नवल नव्हतं.

पडद्यावर आलं, काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

दोघी पुन्हा मांडवात येऊन बसल्या. पोर रडायला लागली तशी पुनम उठली, चुलीवरचं भांडं उतरवायचं होतं. "धरता का बाई जरा?" असं म्हणताना तिच्याही लक्षात आलं, पण सत्यशीलाने आधीच मांडी पुढे केली होती. उजव्या हाताच्या कोपरात तिने पोरीचं डोकं घेतलं. पंजा गेल्यापासून तिने पोर उचललं नव्हतं, पडेल म्हणून. ही एवढीशी होती की पडायला वावच नव्हता. हलली डुलली आणि निजली.

अर्ध्या तासाने पुन्हा केलं. पुनमने तोंड धुऊन केस विंचरले होते, जणू त्याने फरक पडेल. चेहरा जुळला नाही.

"आज नाई होत वाटते," सत्यशीला म्हणाली. तिने पिशवीतून पुनमच्या नावची पाच पाकिटं काढली आणि ओट्यावर ठेवली. "हे ठेव तू. माहं काय होईल ते होईल."

पुनमने पाकिटांकडे पाहिलं. पण हात लावला नाही. "तुमाले नोटीस आली म्हनते ना बाई?"

"कोन सांगते?"

"सारेच सांगून राह्यले. आता देल्लं तं काढतीन म्हने तुमाले." ती पोरीकडे पाहत बोलत होती. "तुमी गेल्या तं इथी कोन येईल? नाल्याच्या या बाजूले दुसरं कोनी येत नाई. घेऊन जा तुमी."

"पुनम, तुले खाची गरज आहे. पोरीचं वजन पाहिलं ना?"

"मी उद्या परवा येतो केंद्रात. तिथी होईल."

अठ्ठावीस दिवसांची बाळंतीण, दोन किलोची पोर, मधे नाला आणि मे महिन्याचं ऊन. सत्यशीलाने तिला येऊ नको म्हणून सांगितलं. पुनम येतोच म्हणाली. थोडा वेळ दोघी त्यावरच बोलत राहिल्या, आणि दोघींनाही माहीत होतं की केंद्रात गेलं तरी चेहरा तोच राहणार आहे.

शेवटी सत्यशीला उठली. पाकिटं एकेक करून परत पिशवीत घालायला लागली, पण कापडी पिशवीचं तोंड मिटत होतं, पाकीट आत जाईना. पुनमने पोरीला खांद्यावर घेतलं, पुढे आली, आणि मोकळ्या हाताने पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहिली. सत्यशीलाने पाचही पाकिटं त्यात घातली.